पन्नाशीनंतरचा पुरुष आणि प्रोस्टेट ग्रंथि

स्त्रियांच्या विकारांविषयीं आतां घरोघरीं थोडेंबहुत मोकळेपणानें बोललें जातें. पुरुषांच्या विकारांविषयीं मात्र पुरुषच बोलत नाहींत. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यांतील ताडकळससारखें गांव घ्या. उतारवयांतील शेतकऱ्याची कंबर दुखूं लागली, तर तें शेतकामाचें दुखणें म्हणून शेकलें जातें; लघवीसाठीं रात्रीं चार वेळां उठावें लागलें, तर ‘वय झालें’ म्हणून सोडून दिलें जातें. मुंबई-पुण्यास नोकरीनिमित्त राहणारा मुलगा फोनवर प्रकृति विचारतो, आणि वडील ‘बरी आहे’ म्हणतात. आज मी ज्या ग्रंथीविषयीं बोलणार आहें, तिच्या बाबतींत हें उत्तर पुरेसें नाहीं.

प्रोस्टेट ही केवळ पुरुषांच्या ठिकाणीं असणारी, सुमारें अक्रोडाएवढी ग्रंथि. ती मूत्राशयाच्या खालीं मूत्रनलिकेला वेढून असते व वीर्यांतील द्रवाचा कांहीं अंश निर्माण करते. पन्नाशीनंतर बहुतेकांची ही ग्रंथि हळूहळू वाढते. ही साधी वाढ नलिकेलगतच्या आंतील भागांत होत असल्यामुळें नलिका दबते, लघवीची धार बारीक होते, रात्रीं वारंवार उठावें लागतें. हा कर्करोग नव्हे, आणि ही वाढ पुढें कर्करोगांत बदलते असेंहि नाहीं.

कर्करोगाचा आरंभ बहुधा ग्रंथीच्या बाहेरील भागांत, नलिकेपासून दूर होतो. म्हणून त्याचा त्रास दीर्घ काळ जाणवत नाहीं. ज्याला त्रास आहे त्याला बहुधा कर्करोग नसतो, आणि ज्याला कर्करोग आहे त्याला प्रारंभीं बहुधा त्रास नसतो, हें या विकारांतील मर्म होय. पसरल्यावर हा रोग प्रथम बहुधा हाडांकडे, विशेषतः कण्याकडे वळतो. आणि मग शेतकामाची म्हणून शेकलेली ती कंबर कित्येकदां निराळेंच कांहीं सांगत असते.

मग रोग लक्षणांपूर्वींच ओळखतां येईल काय? यासाठीं पी.एस.ए. नांवाची रक्ततपासणी आहे. ही ग्रंथि एक विशिष्ट प्रथिन निर्माण करते. त्याचें रक्तांतील प्रमाण यांत मोजतात. परंतु हें प्रमाण साध्या वाढीनें, मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गानेंहि वाढतें. ग्रंथि आकसविणाऱ्या कांहीं औषधांनीं तें निम्म्यावर येतें. म्हणून वाढलेला आंकडा हा निकाल नव्हे, पुढील चौकशीची सूचना होय. डॉक्टर गुदमार्गें बोटानें ग्रंथि तपासतात, आंकडा पुन्हां पाहतात, एम.आर.आय. काढतात, आणि आवश्यक तरच सुईनें ग्रंथीचा तुकडा घेऊन निदान करतात.

एवढी सोपी तपासणी सर्वांचीच कां करूं नये, असा प्रश्न सुशिक्षित श्रोत्यांच्या मनांत येईल. युरोपांत १९९३ सालीं सुरू झालेल्या एका मोठ्या प्रयोगाचा तेवीस वर्षांचा हिशेब २०२५ सालीं प्रसिद्ध झाला. तपासणीस बोलाविलेल्या ४५६ पुरुषांमागें या रोगाचा एक मृत्यु टळला. लाभ खरा आहे, पण त्याची किंमतहि आहे. कित्येक गांठी इतक्या मंद असतात कीं त्या माणसाच्या आयुष्यांत कधींच उपद्रव देत नाहींत. त्यांवर शस्त्रक्रिया वा किरणोपचार केल्यास लघवीवरील ताबा किंवा पुरुषत्व गमावण्याचा धोका असतो. ब्रिटनमध्यें १,६४३ रुग्णांवर झालेल्या अभ्यासांत, शस्त्रक्रिया, किरणोपचार वा केवळ देखरेख यांपैकीं कांहींहि निवडलें तरी, पंधरा वर्षांनीं शेंकडा सुमारें ९७ जण या रोगानें दगावलेले नव्हते. ग्रंथीपुरत्याच मर्यादित असलेल्या रोगाची ही गोष्ट आहे. म्हणून मंद रोगावर आज पुष्कळदां केवळ सावध देखरेख ठेवतात.

याच कारणानें अमेरिकेंतील तज्ज्ञमंडळानें २०१२ सालीं ही तपासणी नको म्हटलें, आणि २०१८ सालीं ५५ ते ६९ वयांत ती डॉक्टरांशीं विचारविनिमय करून ज्यानें त्यानें ठरवावी, सत्तरीनंतर सरसकट करूं नये, असा सल्ला दिला. आपल्याकडील सरकारी कार्यक्रमांत मुख, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांची तपासणी आहे, प्रोस्टेटची नाहीं. तेव्हां निर्णय घरांतच व्हावयाचा आहे, आणि तो बोलल्यावांचून होणें अशक्य आहे. वडील किंवा भाऊ यांस हा रोग झाला असेल, तर धोका सुमारें दुपटीनें वाढतो; अशांनीं पंचेचाळिशीच्या सुमारासच डॉक्टरांशीं बोलावें.

बोलण्यानें काय साधतें, याचें उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. बार्शी येथें १९८७ सालीं ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते गांवोगांव फिरले, बैठका घेऊन लक्षणें समजावीत गेले. पुढें गर्भाशयमुखाचा कर्करोग घेऊन येणाऱ्या स्त्रियांपैकीं लवकरच्या अवस्थेंत येणाऱ्यांचें प्रमाण वाढलें. लक्षणांवरून ओळखतां येणाऱ्या रोगाची ती गोष्ट खरी. पण संकोच मोडण्याचें काम येथेंहि तितकेंच निकडीचें आहे.

रोग उशिरां कळला म्हणून सारें संपलें, असेंहि नाहीं. परळचें टाटा रुग्णालय सुरू झालें त्याच १९४१ सालीं, अमेरिकेंत चार्ल्स हगिन्स यांनीं पुरुषी संप्रेरक कमी केल्यास हा पसरलेला रोगहि मागें हटतो, असें दाखविलें. १९६६ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. आजचे पुष्कळ उपचार त्याच तत्त्वावर उभे आहेत.

शेवटीं एवढेंच सांगतों. लघवींत रक्त दिसणें, किंवा विश्रांतीनेंहि न थांबणारें, रात्रीं जागविणारें कंबरेचें वा हाडांचें दुखणें, यांसाठीं डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावूं नये. लघवी अजिबात न होणें, किंवा पाठदुखीबरोबर पायांतील बळ जाणें व मलमूत्रावरील ताबा सुटणें, या गोष्टी तर त्याच दिवशीं रुग्णालय गांठण्याच्या आहेत. कण्यांतील मज्जारज्जूवर दाब आला असल्यास गेलेले तास परत मिळत नाहींत. घरांतील कर्त्या पुरुषानें हें ओळखून वेळींच सांगावें, आणि घरच्यांनींहि तें न लाजतां विचारावें.