पाड्यावरच्या विहिरीची पातळीही रोज कळावी

पावसाळ्यात मुंबईकर रोज सकाळी वर्तमानपत्रात तलावांची पातळी पाहतात. त्यांपैकी मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातल्या कोचाळे गावाजवळ आहे. ते २०१४ मध्ये पूर्ण झाले. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवरच्या विहिरींत आज किती पाणी आहे, हे मात्र कुठे छापून येत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निवडक विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. पाड्याला रोजचा निर्णय घ्यायला ते पुरत नाही.

जव्हार-मोखाड्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पण जमीन उताराची आणि खाली काळा कातळ. पाणी मुरत नाही, वाहून जाते. उन्हाळा लागला की अनेक पाडे टँकरची वाट पाहतात. भात, नाचणी, वरई घरात आली की कित्येक कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघतात. मुलांची अंगणवाडी आणि तिथला आहारही सुटतो. सौर पंपावर भाजीपाला किंवा मोगरा घेता आला, तर कुटुंब गावात राहू शकते.

अडचण पुढेच आहे. सौर पंपाला ना डिझेल लागते, ना बिल येते. त्यामुळे ऊन असेपर्यंत तो चालूच राहतो. एक एकर भाजीला उन्हाळ्यात दिवसाला ५ मिलिमीटर पाणी धरले, तर ते सुमारे २० हजार लिटर होते. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटर या निकषाने तेवढ्यात साडेतीनशेहून अधिक माणसांची दिवसाची गरज भागते.

दूरस्थ देखरेख उपयोगी पडते ती इथे. विहिरीच्या तळाशी सोडलेला सेन्सर वरच्या पाण्याचा दाब मोजून पातळी सांगतो. पाइपवरचे मीटर उपसा नोंदवते. हे आकडे सिमकार्डवरून मोबाइलवर येतात. पीएम-कुसुम योजनेतल्या सौर पंपांना दूरस्थ देखरेख यंत्रणा बसवणे निकषांतच आहे. त्याला स्वयंचलित व्हॉल्व्ह जोडला, तर पातळी ठरलेल्या खुणेखाली जाताच शेतीचे पाणी बंद होते आणि पिण्याच्या टाकीचे चालू राहते.

डोंगराळ भागात मोबाइलची रेंज मिळेलच असे नाही. म्हणून व्हॉल्व्ह बंद करण्याचे काम विहिरीपाशी बसवलेल्या कंट्रोलरनेच करायला हवे. नोंदी त्याने साठवाव्यात आणि रेंज येईल तेव्हा पाठवाव्यात.

मात्र ती खूण कुठे असावी, हे यंत्र सांगत नाही. पाऊस येईपर्यंत पिण्यासाठी किती पाणी राखायचे आणि उरलेल्यात किती गुंठे भिजवायचे, हे दिवाळीनंतर, लागवडीआधीच ग्रामसभेत ठरायला हवे. रोजचा आकडाही केवळ पंप बसवणाऱ्याच्या मोबाइलवर न राहता शाळेच्या फळ्यावर लिहिला गेला पाहिजे. शेतीचा व्हॉल्व्ह आज का बंद झाला, हे मग कुणाला विचारावे लागणार नाही.