सदतीस लिहिताना आधी सात

निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या मराठी शाळेत दुसरीच्या मुलाला ‘सदतीस’ लिहायला सांगितलं आणि वहीत 37 उमटलं, की बाई बरोबरची खूण करतात आणि पुढच्या वहीकडे वळतात. तोच प्रसंग मोबाइलवर टिपून बघावा. फोन बाकाच्या कडेला पुस्तकांच्या आधारानं उभा करायचा आणि चौकटीत फक्त हात आणि वही येऊ द्यायची. मग दिसतं, की काही मुलं आधी 7 लिहितात आणि नंतर त्याच्या डावीकडे 3 बसवतात. कानावर आधी ‘सद’ पडतं, मग ‘तीस’, आणि हात कानाच्या मागोमाग जातो. उत्तर बिनचूक येतं. पण त्याच मुलाला ‘एकशे सदतीस’ सांगितलं, की 1 लिहिला, त्याला लागून 7 लिहिला, आता 3 ला मध्ये जागाच नाही. वहीत उतरतं 173.

नुसती वही तपासणारा म्हणेल, पोराला स्थानिक किंमत समजलेली नाही. चित्रफीत पाहणाऱ्याला कळेल, की तीन दशक आणि सात एकक हे त्याला पक्कं ठाऊक आहे, फक्त लिहिण्याचा क्रम आड येतोय. पहिल्याला वाटेल, पुन्हा काड्यांचे गठ्ठे मांडून बसावं. दुसरा मुलाला पूर्ण संख्या ऐकून, क्षणभर थांबून, डावीकडून लिहायची सवय लावेल. हा फरक मला इतका मोलाचा वाटतो, की या विषयाचा नाद मला सुटता सुटत नाही.

जर्मन भाषेतही एकक आधी बोलतात. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांवरचा एक अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. संख्या ऐकून लिहिताना झालेल्या चुकांपैकी सुमारे निम्म्या या उलटापालटीशी निगडित होत्या. आपल्या सीमाभागात तर आणखी एक पदर आहे. कन्नडमध्ये 37 म्हणजे ‘मूवत्तेळु’, तीस आधी आणि सात नंतर. 19 म्हणजे ‘हत्तोंबत्तु’, सरळ दहा आणि नऊ; मराठीत मात्र ‘एकोणीस’, विसाला एक कमी. घरी किंवा गल्लीत कन्नड आणि वर्गात मराठी असं ज्यांचं चालतं, ती मुलं बेरीज करताना कोणत्या भाषेत पुटपुटतात, हे वहीवरून कधीच कळणार नाही. फोनच्या ध्वनिमुद्रणात ती कुजबुज पकडली जाते. हिशेब कन्नडमध्ये आणि उत्तर मराठीत, अशी मुलं मी स्वतः ऐकली आहेत. हिशेब त्यांचा चोख असतो. उत्तर मराठीत सांगताना तेवढी अडखळतात.

2019 साली महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणितावरून मोठा गदारोळ झाला होता. ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचन पुस्तकात आलं आणि गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांच्यावर टीकेची झोड उठली. दोन्ही पद्धती मुलांपुढे ठेवायच्या, ही त्यांची भूमिका मला तेव्हाही पटली होती, आजही पटते. कन्नड मुलांना जी सोय भाषेनंच दिली आहे, ती मराठी मुलांनी काही दिवस वापरली तर बिघडलं काय? त्या वादात मोठ्यांचे आवाज भरपूर ऐकू आले. दुसरीतल्या मुलांचे आवाज कुणी जाहीरपणे ऐकवले असते, तर तो वाद लवकर निवला असता, असं माझं मत आहे.

मुलांचा विचार त्यांच्याच तोंडून ऐकून टिपायच्या या पद्धतीचा इतिहास थोडक्यात. मुलांशी बोलून त्यांचा विचार शोधायची रीत मानसशास्त्रज्ञ पियाजेनं रुजवली. 1973 साली अर्लवॅंगर या अभ्यासकानं बेनी नावाच्या बारा वर्षांच्या मुलाच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. चाचण्यांत चांगले गुण मिळवणारा बेनी दोन दशांश या अपूर्णांकाचं दशांश रूप 1.2 मानत होता, कारण अंश आणि छेद मिळवून मध्ये टिंब द्यायचं, असा नियम त्यानं मनाशी बांधला होता. डेबोरा बॉल यांनी 1989-90 मध्ये मिशिगनमधल्या आपल्या तिसरीच्या वर्गाचं वर्षभर चित्रण करून घेतलं. त्यात शे नावाचा मुलगा सहा ही संख्या सम आणि विषम दोन्ही आहे असं मांडतो, कारण सहात दोनाच्या जोड्या तीन, म्हणजे विषम. ती चित्रफीत जगभरच्या शिक्षकांनी पाहिली आहे.

आता माझ्या आवडीच्या जागेकडे येतो. निपाणी म्हणजे तंबाखू आणि विडी. विडीचा कट्टा, म्हणजे जुडगा, 25 चा, मजुरी हजार विड्यांवर. आई विड्या वळते त्या घरातली मुलं शाळेत जाण्याआधीच पंचविसाच्या हिशेबात मुरलेली असतात. अशाच एका मुलीनं वर्गात 25 गुणिले 12 केलं. दोननं गुणून 50, एकनं गुणून 25, दोन्ही एकाखाली एक, बेरीज 75. दुसरी ओळ एक घर डावीकडे सरकवायची राहिली. संध्याकाळी तिच्या घरच्या सोप्यात, आईला विचारून, फोन सुरू ठेवला आणि बारा कट्ट्यांत विड्या किती, असं विचारलं. “तीनशे.” कसं गं? “चार कट्ट्याचं शंभर की. आठाचं दोनशे, बाराचं तीनशे.” बोलताना हातातलं पान खाली ठेवलं नाही तिनं. दुसऱ्या दिवशी तिच्या बाईंना ते ऐकवलं. त्यांनी ते परत लावायला सांगितलं, आणि मग 75 शेजारी ‘चार कट्टे = 100’ असं लिहून तिलाच विचारलं, यातलं खरं कुठलं?

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात नारळ-फळं विकणाऱ्या मुलांबाबत 1985 साली हेच आढळलं होतं: बाजारात जवळजवळ सगळे हिशेब बरोबर, कागदावर निम्म्याहून कमी. दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा मोठा अभ्यास ‘नेचर’मध्ये 2025 साली आला, त्याचाही सूर हाच.

मुलांची अशी नोंद करताना पहिली परीक्षा होते ती शिक्षकाची. मेरी बड रो या अभ्यासिकेनं 1970 च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती तपासल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत होते. ती उसंत तीन सेकंदांवर नेली, की मुलं लांब आणि कारणांसह उत्तरं देऊ लागली. म्हणून “बरोबर आहे का?” ऐवजी “कसं केलंस?” विचारावं आणि गप्प बसावं. चूक निघाली तरी तिथल्या तिथे सुधारू नये. चेहरा टिपू नये, पालकांची परवानगी घ्यावी. 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही मुलांच्या बाबतीत पालकांची संमती मागतो. आणि ही फीत शाळेच्या व्हॉट्सअॅप गटावर चुकूनही टाकू नये. ती मुलाला समजून घेण्यासाठी आहे.

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणीच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. केंद्राच्या बैठकीत परिपत्रकांचं वाचन होतंच. त्याआधी दहा मिनिटं एका मुलाची दोन मिनिटांची नोंद लावा, दोनदा ऐका आणि मुलानं काय विचार केला असेल एवढंच बोला. मराठी आणि कन्नड शाळांच्या शिक्षकांनी ती एकत्र बसून ऐकली तर फारच उत्तम.