भीती आणि हशा

सुरतेच्या लिंबायत भागात खानदेशातून आलेल्या मराठी कामगारांची दाट वस्ती आहे. मध्यंतरी तेथे एका स्नेह्याच्या घरी तरुण मंडळी रात्री ‘पुराना मंदिर’ पाहत बसली होती. रामसे बंधूंचा हा १९८४ चा भयपट! राक्षसी सामरी पडद्यावर अवतरताच आधी किंकाळी उमटली आणि पाठोपाठ हशा.

तो हशा कुचेष्टेचा खासच नव्हता. इटलीत लुचिओ फुल्ची यांच्या १९७९ च्या ‘झोंबी २’मध्ये पाण्याखाली एक चालते प्रेत शार्क माशाशी झुंजते, तेही रसिक असेच मायेने पाहतात. तुटपुंज्या पैशांतली मेहनत तेथे लपत नाही. रामशांच्या घरी तर कुमार लिहीत, गंगू कॅमेरा सांभाळीत, किरण ध्वनी पाहत आणि तुलसी व श्याम दिग्दर्शन करीत. ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) साठी अवघे बिऱ्हाड महाबळेश्वरी मुक्कामाला गेले होते!

कोकणी वाचकाला यात नवल ते काय? दशावतारातला संकासुर गावचाच कोणी आहे, हे ठाऊक असूनही पोरे आईच्या पदराआड दडतात, आणि तेथूनच हसतात. त्या खेळाचे आम्ही कौतुक केले. रामशांपुढे मात्र नाके मुरडली. त्यांतली स्नानदृश्ये आम्हांस आजही खटकतात. पण सामरी साकारणारे अनिरुद्ध अगरवाल हे शिक्षणाने अभियंते, हे कळायलाही आम्हांस ती लिंबायतची पोरेच भेटावी लागली.