वऱ्हाडातील गारपीट : पडते पट्ट्याने, मोजली जाते मंडळाने

वैशाखात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या वऱ्हाडात गारांचा मोठा मारा होतो तो मात्र उन्हाळा ऐन भरात येण्यापूर्वी. फेब्रुवारी आणि मार्च हे अमरावती व अकोला जिल्ह्यांतील गारपिटीचे प्रमुख महिने. याच दिवसांत हरभरा घाट्यांनी भरलेला असतो, गहू सोंगणीला येतो, संत्र्याचा मृग बहर तोडणीला आलेला असतो आणि आंबिया बहराची फळे नुकती धरू लागलेली असतात. वीस मिनिटांच्या गारपिटीत चालू वर्षाचे आणि पुढच्या हंगामाचे असे दोन्ही उत्पन्न जाते, ते यामुळेच.

अतिउष्णतेमुळे गारा पडतात, असा समज सर्वत्र आहे. तो खरा असता तर गारपीट मे महिन्यात सर्वाधिक झाली असती. उष्णता हे अनेक कारणांपैकी एक आहे. उत्तरेस सातपुड्याची गाविलगड रांग, दक्षिणेस अजिंठ्याची रांग आणि मधून पश्चिमेकडे वाहत जाऊन तापीला मिळणारी पूर्णा, अशी या खोऱ्याची रचना आहे. पेढीच्या खोऱ्यातील अमरावती आणि मोर्णाकाठचे अकोला ही दोन्ही शहरे याच पूर्णेच्या पाणलोटात येतात. हिवाळ्याच्या अखेरीस वायव्येकडून कोरडे वारे या प्रदेशावर येतात, तर बंगालच्या उपसागराकडून बाष्प घेऊन आग्नेयेचे वारे येतात. हे दोन प्रवाह विदर्भावर एकमेकांना भिडतात. त्याच सुमारास उत्तर भारतावरून पश्चिमी विक्षोभ सरकत असेल, तर उंचावर थंड हवा उतरते. खाली तापलेली दमट हवा आणि वर थंडगार हवा, अशी अस्थिर अवस्था निर्माण झाली की दुपारनंतर गडगडाटी ढग झपाट्याने उंच वाढतात.

या ढगातील ऊर्ध्वगामी प्रवाह पाण्याच्या थेंबांना गोठणपातळीच्या वर नेतो. तेथे शून्य अंशाखालीही द्रवरूपात राहिलेले थेंब बर्फाच्या कणाला चिकटून गोठतात आणि गार वाढत जाते. गार कापून पाहिल्यास पांढुरके आणि पारदर्शक थर आलटून पालटून दिसतात, ते तिच्या या वाढीच्या निरनिराळ्या टप्प्यांची खूण होत. प्रवाहाला तिचे वजन पेलवेनासे झाले की ती कोसळते. लिंबाएवढी गार तयार होण्यासाठी ढगातील प्रवाहाचा वेग ताशी सुमारे शंभर किलोमीटरच्या घरात असावा लागतो.

गार जमिनीपर्यंत पोहोचेल की नाही, हे गोठणपातळीच्या उंचीवर अवलंबून असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ही पातळी तुलनेने खाली असते. मे महिन्यात आणि पावसाळ्यात ती पाच किलोमीटरच्या आसपास वा त्याहून वर जाते. त्यामुळे पावसाळी ढगात तयार झालेल्या गारा वाटेतच वितळतात आणि टपोरे थेंब होऊन पडतात. मे महिन्यात वादळे होतात, विजा पडतात, झाडे उन्मळतात; पण फाल्गुनासारखी गारपीट क्वचितच होते.

गारपिटीचा सर्वांत महत्त्वाचा गुणधर्म तिच्या आकारात आहे. पाऊस विस्तीर्ण प्रदेशावर पडतो. गारा मात्र सरकत्या ढगाच्या एका भागातून पडतात. त्यामुळे त्यांचा पट्टा बहुधा काही किलोमीटर रुंद आणि त्याच्या कितीतरी पट लांब असतो. एका शिवारातील हरभरा भुईसपाट होतो आणि नाल्यापलीकडच्या शिवारात पानही फाटत नाही, हा वऱ्हाडातील शेतकऱ्याचा नेहमीचा अनुभव आहे.

या अरुंद पट्ट्यामुळेच गारपिटीचा इतिहास लिहिणे अवघड होते. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ ची. खात्याचे प्रमुख जॉन इलियट यांनी १८८३ ते १८९७ या काळातील देशभरातील गारपिटींचा आढावा १८९९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ५९७ गारपिटींची नोंद आहे. ३० एप्रिल १८८८ रोजी मुरादाबाद येथे २४६ माणसे गारांच्या माराने मृत्युमुखी पडली. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीत तो आजही उच्चांक आहे. तथापि, वेधशाळेच्या आवारात गार पडली तरच ती तेथील यंत्रणेच्या प्रत्यक्ष नोंदीत येते. अकोल्याच्या वेधशाळेत निरभ्र दिवस असताना अकोट वा वरुडकडे बागा झोडपल्या गेल्या, तर त्याचा माग वृत्तपत्रांत आणि महसुली कागदांत शोधावा लागतो.

अलीकडच्या दोन घटना स्मरणात आहेत. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्याच्या बहुतांश जिल्ह्यांत गारपिटीचे सत्र चालले. एरवी एखाद-दुसऱ्या दिवसात आटोपणारे हे संकट त्या वर्षी आठवडे लांबले. त्यानंतर ११ फेब्रुवारी २०१८ रोजी अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम आणि शेजारच्या जालना जिल्ह्यातील रब्बी पिकांना तडाखा बसला. अशा घटनांवरून गारपीट वाढली, असा निष्कर्ष अनेकजण काढतात. परंतु आंतरशासकीय हवामानबदल समितीच्या २०२१ च्या अहवालाने जगभरातील गारपिटीच्या कलाविषयी ठाम विधान करण्याचे टाळले आहे. त्याचे कारण नोंदींची हीच विरळता.

रडारने ही उणीव काही अंशी भरून निघते. मात्र पृथ्वीच्या गोलाईमुळे रडारचा किरण अंतरानुसार उंच जातो. नागपूरहून निघालेला, क्षितिजापासून अर्धा अंश उचललेला किरण अमरावतीवर सुमारे अडीच किलोमीटर, तर अकोल्यावर पावणेपाच किलोमीटरच्या आसपास उंचीवर असतो. म्हणजे अकोल्यावरील ढगाचा माथा दिसतो. जमिनीलगत काय पडते आहे, ते दिसत नाही. महसूल मंडळांत उभारलेली स्वयंचलित हवामान केंद्रे पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा मोजतात. गार मोजणारे साधन त्यांत नाही.

याचा थेट संबंध नुकसानभरपाईशी येतो. गारपीट ही शासनाने अधिसूचित केलेली नैसर्गिक आपत्ती आहे आणि २०१५ पासून ३३ टक्के वा त्याहून अधिक पीकहानी मदतीस पात्र ठरू लागली. ही मदत पंचनाम्यावर अवलंबून असते. पंतप्रधान पीकविमा योजनेत २०१६ पासून गारपिटीला स्थानिक आपत्ती मानून, ठरावीक मुदतीत सूचना दिल्यास शेतनिहाय पाहणीची तरतूद होती. राज्याने २०२५ च्या खरिपापासून स्थानिक आपत्तीचा हा निकष वगळला आणि पीक कापणी प्रयोगांतून निघणाऱ्या मंडळाच्या सरासरी उत्पादनावर भरपाई ठरविण्याचे धोरण स्वीकारले. दुष्काळासाठी ही पद्धत चालू शकते, कारण दुष्काळ अवघ्या मंडळावर पसरतो. गारपिटीत मात्र मंडळातील चार गावांचे पीक गेले आणि उरलेल्या गावांचे वाचले, तर सरासरी फारशी ढळत नाही आणि त्या चार गावांचे नुकसान आकड्यात बुडून जाते. खारपाणपट्ट्यात हा प्रश्न अधिक तीव्र आहे. तेथे भूजल खारे असल्याने सिंचन तुटपुंजे आणि रब्बीची भिस्त बहुतांशी जमिनीतील ओलाव्यावर येणाऱ्या हरभऱ्यावर असते.

बोराएवढ्या, आवळ्याएवढ्या, लिंबाएवढ्या या मापांनी वऱ्हाडाने पिढ्यान्‌पिढ्या गारा मोजल्या. आज प्रत्येकाच्या हाती कॅमेरा आहे. नाण्याशेजारी ठेवलेल्या गारेचे, ठिकाण व वेळ नोंदविलेले छायाचित्र शहरातील गच्चीवरून काढले तरी ते पट्ट्याची एक कड निश्चित करते. अशा नोंदी गावोगाव जमा करणारी आणि पंचनाम्यात त्यांना स्थान देणारी व्यवस्था उभी राहिली, तर गारपिटीचा नकाशा मंडळाच्या सीमेऐवजी गारेच्या वाटेने काढता येईल.