गाठ काढली, मग रेडिएशन आणि गोळ्या कशाला?

माझा पीएचडीचा विषय कळला की बारामती-इंदापूरकडची ओळखीची माणसं हा प्रश्न विचारतात. प्रश्न रास्त आहे, उत्तर आपल्याच रानात आहे.

उसातला लव्हाळा आठवा. खुरपून काढला की रान स्वच्छ दिसतं. पण गाठी जमिनीत राहतात, आणि पाणी दिलं की तो परत वर येतो. ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूचा अतिशय आक्रमक कॅन्सर असाच आहे. एमआरआयमध्ये गाठ दिसते, पण तिच्या काही पेशी आजूबाजूच्या चांगल्या मेंदूत शिरलेल्या असतात. रान खोल नांगरता येतं. मेंदूत बोलण्याचा, हात-पाय हलवण्याचा भाग कसा कापणार?

म्हणून उरलेल्या पेशींवर दोन बाजूंनी मारा करतात. रेडिएशन पेशीतला डीएनए तोडतं. टेमोझोलोमाइड नावाची गोळी त्याच डीएनएवर रासायनिक खुणा चिकटवते, त्यामुळे विभाजन होताना पेशी अडकते आणि मरते.

याचा फायदा किती? युरोप आणि कॅनडातल्या 573 रुग्णांवरचा अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना फक्त रेडिएशन दिलं, निम्म्यांना सोबत गोळीही. दोन वर्षांनी पहिल्या गटात 100 पैकी साधारण 10 जण हयात होते, दुसऱ्यात 26. म्हणजे आजार मुळासकट गेला असं नाही, पण वेळ मिळाला. हे घरच्यांना आधीच माहीत असलेलं बरं.

गोळी सगळ्यांना सारखी लागू पडत नाही. एमजीएमटी नावाचं प्रथिन गोळीने केलेलं नुकसान दुरुस्त करतं. काहींच्या गाठीत त्याचं जनुक बंद असतं, तिथे गोळी जास्त चालते. काढलेल्या गाठीवरच ही तपासणी होते. डॉक्टरांना जरूर विचारा.

आता खरी अडचण. नेहमीचं रेडिएशन म्हणजे आठवड्याचे 5 दिवस, असे 6 आठवडे, एकूण 30 वेळा. त्या काळात गोळी रोज. मग साधारण महिनाभर विश्रांती, आणि पुढे दर 28 दिवसांत 5 दिवस गोळ्या, अशा 6 फेऱ्या. इंदापूरहून पुण्याला रोज जाऊन-येऊन हे जमणं कठीण. त्यात उसाला तोड आली, की "राहू दे आता, बरं वाटतंय" म्हणून उपचार मध्येच सुटतो. पण बरं वाटतंय ते वरचं तण काढल्यामुळे.

म्हणून ऑपरेशनच्या आधीच पुढच्या सहा आठवड्यांच्या राहण्याचं बघा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. रुग्ण 65 च्या पुढचा असेल, तर 3 आठवड्यांत 15 वेळा रेडिएशन आणि सोबत गोळी, हा छोटा कोर्सही आहे. 2017 च्या अभ्यासात त्या वयातही गोळी जोडल्याचा फायदा दिसला. प्रवास झेपत नसेल तर उपचार सोडू नका, आधी याबद्दल विचारा.