थापायची भाकरी, लाटायची पोळी

भोरकडच्या एखाद्या स्वयंपाकघरात गव्हाचं आणि तांदळाचं पीठ शेजारी शेजारी भिजवलं, तर सीलिॲक या आजाराचं मूळ हातालाच कळतं. गव्हाची कणीक मळून, तेलाचा हात लावून ठेवली की ती ताणली जाते, हवी तितकी पातळ लाटता येते. तांदळाच्या पिठाला ही सवय नाही. त्याची आधी आधणाच्या पाण्यात उकड काढायची, मग गोळा थापायचा, आणि हात जरा चुकला की कडा चिरतात. नाचणीचंही तेच. कणकेला हा चिवटपणा देणाऱ्या प्रथिनाचं नाव ग्लुटेन. ते गव्हात असतं, आणि त्याचेच भाऊबंद सातूत म्हणजे जवात आणि युरोपात पिकणाऱ्या राय या धान्यात. तांदूळ, नाचणी, ज्वारी, बाजरी, वरी यांत ते नाही.

बहुतेकांना ग्लुटेन बाधत नाही. पण काहींच्या शरीरातली प्रतिकारशक्ती त्याला शत्रू समजते आणि त्याच्याशी लढताना स्वतःच्याच लहान आतड्याला जखमी करते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीच्या लवेसारखे बारीक कोंब असतात. अन्नातलं सत्त्व शोषून घेणं हे त्यांचं काम. सीलिॲकमध्ये ही लव झिजत झिजत सपाट होते. मग माणूस पोटभर जेवतो, पण अंगी लागत नाही. लहान मुलाचं पोट नगाऱ्यासारखं फुगतं, जुलाब थांबत नाहीत, हातपाय काड्या होतात, उंची खुंटते. मोठ्या माणसात तर कधी कधी पोटाची काहीच तक्रार नसते. नुसता थकवा, तोंडात वारंवार येणारे फोड, ठिसूळ हाडं, गर्भ न राहणं किंवा गोळ्या घेऊनही न वाढणारं रक्त.

या शेवटच्या लक्षणापाशी जरा थांबायला हवं. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. त्यातल्या बहुतेकींना सीलिॲक नसतो. लोह कमी पडलेलं असतं. पण बाईच्या अंगात रक्त कमीच असायचं, असं घरातले धरून चालतात, तिथेच घात होतो. लोहाच्या गोळ्या महिनोन्महिने नीट घेऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल, तर ते लोह आतड्यातून आत शिरतंय का, हे विचारायला हवं. हा प्रश्न वेळेवर विचारला गेला, तर एखाद्या बाईची कित्येक वर्षांची ओढाताण वाचते.

भोर आणि वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका, हा मुळात भाताचा मुलूख. हिरडस मावळात, वेळवंड खोऱ्यात, गुंजण मावळात खाचरांमध्ये इंद्रायणी आणि आंबेमोहर, डोंगरउतारावर नाचणी आणि वरी. गव्हाची पोळी ही सणावाराची गोष्ट होती. आता रेशनवर तांदळाबरोबर गहू येतो, शाळेच्या डब्यात पोळी-भाजी असते, चहाबरोबर बिस्कीट किंवा खारी, नाक्यावर वडापाव.

म्हणून हा पंजाब-हरियाणाचा आजार, असं म्हणून चालणार नाही. भारतातल्या डॉक्टरांनी २०१६ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातल्या २३ हजारांहून अधिक धडधाकट प्रौढांची रक्ततपासणी त्यासाठी झाली होती. उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के लोकांना सीलिॲक निघाला. उत्तरेतला माणूस दिवसाला सरासरी ४५५ ग्रॅम गहू खात होता, दक्षिणेतला फक्त २५ ग्रॅम. मात्र या आजाराला लागणारी जनुकं, डीक्यू-२ आणि डीक्यू-८, दोन्हीकडे जवळपास सारखीच होती: उत्तरेत ३८ टक्क्यांकडे, दक्षिणेत ३६. ईशान्येत रोजचा गहू ३७ ग्रॅम असूनही प्रमाण बरंच होतं, म्हणजे हिशेब एवढा सरळ नाही. पण भात खाणाऱ्यांच्या रक्तात हा आजार मुळी नाहीच, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

सीलिॲकबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती ही: आधी तपासणी, मग गहू बंद. होतं नेमकं उलटं. कुणीतरी सांगतं, महिनाभर पोळी सोडून बघ. बरं वाटतं. मग कधीतरी तपासणी करावीशी वाटते, आणि अहवाल कोराच येतो. कारण ही तपासणी गव्हाशी चाललेल्या लढाईच्या खुणा शोधते, आणि लढाई थांबली की खुणाही पुसट होत जातात. अशा माणसाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली साधारण सहा आठवडे रोज पुन्हा गहू खावा लागतो. ज्याचं पोट आत्ता कुठे शांत झालंय, त्याच्यासाठी ही मोठी शिक्षा आहे.

पहिली पायरी साध्या रक्ततपासणीची. तिचं नाव टीटीजी-आयजीए. तिच्याच जोडीला रक्तातलं एकूण आयजीए मोजून घ्यावं. काही जणांच्या शरीरात ते मुळातच तयार होत नाही, आणि मग पहिली तपासणी खोटा दिलासा देते. रक्ताचा नमुना तालुक्याच्या गावी देऊन पुण्याला पाठवता येतो. टीटीजी वाढलेलं निघालं की पोटाच्या डॉक्टरांकडे जायचं. ते तोंडावाटे दुर्बीण घालून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातले पाच-सहा बारीक तुकडे काढतात आणि लव झिजली आहे का, ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं जातं. तुकडा काढायचा म्हटलं की घरचे हबकतात, तो कॅन्सरचाच शब्द वाटतो. पण तुकडे तांदळाच्या कणीएवढे असतात, आणि माणूस सहसा त्याच दिवशी घरी येतो. लहान मुलांमध्ये टीटीजी सामान्य मर्यादेच्या दहापट किंवा त्याहून जास्त असेल आणि दुसऱ्या नमुन्यावरची आणखी एक रक्ततपासणी त्याला दुजोरा देत असेल, तर युरोपातले बालरोगतज्ज्ञ दुर्बिणीशिवायही निदान मान्य करतात. आपल्याकडे आतड्याचा क्षय आणि काही जंतूही अशीच लक्षणं दाखवतात. त्यामुळे निदान अंदाजाने करू नये.

पथ्य हाच इलाज, हे डॉक्टरांना पूर्वीच कळलं होतं. कशाचं पथ्य, हे मात्र नाही. लंडनच्या सॅम्युएल जी यांनी १८८८ साली या आजाराचं नेमकं वर्णन लिहिलं आणि बरं होण्याचा मार्ग आहारातूनच जातो, असं सांगितलं. पण त्यांनी मुलांना वर्ज्य केला तो तांदूळ आणि साबुदाणा! पातळ कापून खरपूस भाजलेला पाव त्यांना चालत होता. म्हणजे वेळवंड खोऱ्यातली आजी आजारी नातवाला जी पेज भरवते ती बंद, आणि खरं विष चालू. ही चूक सुधारायला साठेक वर्षं गेली. नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय महायुद्धाआधीपासूनच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे भीषण उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि डिके यांची सीलिॲकची मुलं त्या दिवसांतही सुधारली. पाव परत आला, तशी ती पुन्हा खालावली. १९५० साली त्यांनी प्रबंधात गव्हावर नेमकं बोट ठेवलं.

निदान झालं की औषधाची चिठ्ठी मिळत नाही. गहू आणि जव जन्मभरासाठी बंद, एवढाच इलाज. शहरातल्या माणसाला यावर महागडी ग्लुटेनमुक्त बिस्किटं आठवतात. भोर-वेल्ह्यातल्या घराला मात्र भात, तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, घावन, आमटी, सुकट, पिठलं हे सगळं आधीपासूनच चालतं. उपवासाचे पदार्थ तर या माणसासाठीच केल्यासारखे आहेत: भगर, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा. उकडीचे मोदक चालतात, अनारसे चालतात, शाळेतली खिचडीही बहुधा चालते. नाचणीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि या आजारात ठिसूळ झालेल्या हाडांना तेच हवं असतं.

मग अडतं कुठे? गिरणीत.

भाताची गिरणी आणि पिठाची गिरणी या दोन वेगळ्या जागा. पहिलीत फक्त भात भरडला जातो. दुसरीत एकाच दगडाखाली आधी शेजाऱ्यांचा गहू जातो, मागून आपली नाचणी, आणि पहिल्या शेरभर पिठात गव्हाचं पीठ मिसळून येतं. हे किती महाग पडतं? इटलीतल्या डॉक्टरांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णांना तीन महिने रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन दिलं, तेवढ्यानेही आतड्यावर परिणाम दिसला. एका मध्यम पोळीत दोन-अडीच ग्रॅम तरी ग्लुटेन असतं. म्हणजे पोळीच्या चाळिसाव्या-पन्नासाव्या हिश्शाने बिघडतं. भारतात वेष्टनावर ग्लुटेनमुक्त लिहायचं, तर किलोमागे २० मिलिग्रॅमहून जास्त ग्लुटेन चालत नाही. गिरणीतलं पीठ ही मर्यादा सहज ओलांडतं. पुष्कळ गिरण्या नवरात्राच्या आधी दगड झाडून उपवासाची भाजणी वेगळी दळून देतात. रुग्णासाठी बारा महिने तशी विनंती करून पाहावी, पण दगडाच्या खाचेत पीठ उरतंच. परवडत असेल तर घरघंटी घ्यावी, आणि तिच्यात गहू कधीही घालू नये. माळ्यावरचं जुनं जातं स्वच्छ घासून खाली काढलं, तरी चालेल.

दुसरा लपलेला गहू डबीतल्या हिंगात. बाजारात मिळणारा बांधणी हिंग शुद्ध नसतो. त्यात डिंक आणि पीठ घातलेलं असतं, आणि ते पुष्कळदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. रोजच्या आमटीतून तो पोटात जातो. तांदळाच्या पिठाचा हिंग मिळतो, लेबल वाचून तो घ्यावा. मेतकुटात गहू असतो, थालीपिठाच्या भाजणीत बहुधा असतो, कुरडई तर गव्हाच्या चिकाचीच. माल्ट घातलेली दुधाची पावडर जवापासून होते, सोया सॉसमध्ये गहू असतो. आणि खपली. खपली गहू जुना, देशी, पचायला हलका म्हणून सध्या खूप विकला जातो. मधुमेहाबद्दल त्याचे गुण काय असतील ते असोत, पण तोही गहूच आहे, त्यातही ग्लुटेन आहे, आणि सीलिॲकच्या माणसाला तो चालत नाही.

स्वयंपाकघर सांभाळता येतं. लग्नाचा मांडव अवघड जातो. तिथे भात-आमटी असते, बुंदी बेसनाचीच असते, पण ज्या कढईत पुऱ्या तळल्या तिच्यातच बुंदी पडलेली असते. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा. नाही म्हटलं की देवाला नाही म्हटल्यासारखं होतं, आणि एवढ्याशाने काय होतंय, असं प्रत्येक जण प्रेमाने म्हणतो. मूल दहा-बारा वर्षांचं असेल, तर ते या आग्रहापुढे एकटं पडतं. अशा वेळी आईने किंवा आजीनेच पुढे होऊन मोठ्याने सांगितलेलं बरं, की हे याच्यासाठी औषध चुकवण्यासारखं आहे. प्रसादाला केळं आणि साखर चालतेच की.

पथ्य नीट पाळलं तर जुलाब काही आठवड्यांत थांबतात, मुलं झपाट्याने भरू लागतात. आतड्याची लव पुन्हा उगवायला मुलांना काही महिने, तर मोठ्यांना दोन-दोन वर्षंही लागतात. सहा महिन्यांनी आणि वर्षाने टीटीजी पुन्हा तपासलं की पथ्यात कुठे गळती आहे, ते कळतं. आकडा उतरत नसेल, तर पुष्कळदा हिंगाची डबी किंवा दळणच त्याला कारण असतं.

हा आजार घराण्यात फिरतो. रुग्णाच्या आई-वडिलांत, भावंडांत आणि मुलांत तो निघण्याचं प्रमाण जगभरच्या अभ्यासांत सरासरी साडेसात टक्के आहे. म्हणून भोरहून स्वारगेटला जाणाऱ्या एसटीत मुलाबरोबर आई-वडील आणि धाकट्या बहिणीचंही तिकीट काढलेलं बरं. त्यांनी सकाळी पोळी खाऊन निघावं. या रक्ततपासणीला उपाशी राहावं लागत नाही.