दाणा अजून ओला आहे

गेल्या ऑगस्टमध्ये अण्णा आमच्याकडे केंब्रिजला आले. आई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच निफाड सोडून निघाले होते. कॉलेजं, नदी, होड्या दोन दिवसांत पाहून झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णा गायब! मोबाईल घरातच. तासाभराने हसतच परत आले. "अरे, तिकडे गहू उभा आहे. सोंगायला आलाय!"

आम्ही शहराच्या दक्षिणेला, ट्रम्पिंग्टनला राहतो. आज जिथे नवी घरं झालीत, तिथे पूर्वी प्लान्ट ब्रीडिंग इन्स्टिट्यूटची शेतं होती. जपानच्या नोरिन-१० गव्हाचा बुटकेपणा बोरलॉग यांच्यामार्फत आपल्याकडच्या कल्याणसोना, सोनालिकात आला. इंग्लंडमध्ये तो या संस्थेच्या वाणांतून पसरला. अण्णा निफाडच्या संशोधन केंद्राचा 'त्र्यंबक' पेरणारे. म्हणाले, "म्हणजे भाऊबंदच की!"

शेतातून सरळ पायवाट गेलेली. इथे अशा वाटांवरून चालायचा सगळ्यांना हक्क आहे. पीक असलं तरी शेतकऱ्याला वाट मोकळी ठेवावी लागते. "आपल्याकडे बांधावरून कोर्टात जातात," अण्णा पुटपुटले. त्याच वाटेवर शेताचा मालक भेटला. साठीचा, अण्णांसारखाच रापलेला. त्याने ओंबी चोळली, फुंकर मारली, दाणा दाताखाली फोडला. अण्णांनीही तेच केलं आणि मान हलवली. "दाणा अजून ओला आहे." मी इंग्रजीत सांगितलं. त्याने यंत्रात मूठभर दाणे घालून पाहिलं. ओलावा १७ टक्के! साठवायला १५च्या आत हवा, नाहीतर वाळवणीच्या यंत्राला इंधन जाळा. तो खो खो हसला आणि आमची दोस्ती जमली.

दोन दिवसांनी हार्वेस्टर निघाला. सकाळी दव असतं, म्हणून काम दुपारी सुरू होतं आणि दिवे लावून रात्रीपर्यंत चालतं. हार्वेस्टर थांबत नाही; ट्रॅक्टर शेजारून चालतो आणि धान्य चालत्या ट्रॉलीत पडतं. एवढ्या मोठ्या रानात माणसं फक्त दोन. जेवणाचा डबा त्याची बायको बांधावर आणून देते. "हे मात्र आपल्यासारखंच," अण्णा म्हणाले आणि जरा वेळ गप्प झाले.

उताऱ्याचा विषय निघालाच. इथे हेक्टरी ८ टनांच्या आसपास, म्हणजे एकरी ३२ क्विंटल! अण्णांचे डोळे विस्फारले. मग त्यांनी बोटांवर हिशेब केला. ऑक्टोबरमध्ये पेरून ऑगस्टमध्ये काढायचा, म्हणजे दहा महिने. थंड हवा, उन्हाळ्यातले लांब दिवस, दाणा सावकाश भरतो. "आमचा चार महिन्यांत घरी येतो. त्याआधी सोयाबीन निघालेलं असतं." दोघांची धास्ती मात्र एकच. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट. इथे ऐन कापणीत पाऊस लागला तर दाण्याला ओंबीतच मोड येतात आणि पावाचा गहू जनावरांच्या खाद्याच्या भावाने जातो.

संध्याकाळी त्याने विचारलं, "तुमचं शेत आता कोण बघतं?" मी मराठीत सांगितलं. "मीच," अण्णा म्हणाले. "आणि तुमच्यानंतर?" हा प्रश्न काही मी मराठीत केला नाही. उगाच "पाऊस येईल का, विचारतोय" म्हटलं. अण्णांनी आभाळाकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. "त्याला सांग, त्याचंही तेच असेल." होतंच. त्याची मुलगी लंडनला बँकेत आहे.

ऑक्टोबरात अण्णा परत गेले. नोव्हेंबरात फोनवर म्हणाले, "पेरणी झाली." मी पीक कसं आहे विचारत राहतो, ते "बरं आहे" म्हणत राहतात. यंदा मार्चमध्ये तीन आठवड्यांची रजा टाकली आहे. लग्नकार्य नाही, सण नाही. गहू काढायला जातोय. पुढचं काय, ते अजून ठरलेलं नाही. पण दाणा कधी तयार होतो, हे तरी त्यांच्याकडून शिकून घ्यावं म्हणतो.